निळा कोपरा

नदी वाहते, हे लहान मूलही जाणते. परंतु समुद्राच्या पोटातही नद्या वाहतात, ही गोष्ट काठावर उभे राहून लाटा मोजणाऱ्याच्या ध्यानात सहसा येत नाही. या नद्यांना तीर नसतात, घाट नसतात आणि त्यांच्यावर कोणाला पूल बांधता येत नाही. भरती-ओहोटीबरोबर त्या आपली दिशा बदलतात. सकाळी एका अंगाला धावणारे पाणी काही तासांनी उलट्या अंगाला धावू लागते. पौर्णिमा किंवा अमावास्या आली म्हणजे त्यांचा वेग वाढतो; कोकणातील कोळी त्या भरतीला उधाण म्हणतो. अष्टमीच्या सुमारास तो वेग मंदावतो. त्याला तो भांग म्हणतो. पॅसिफिक महासागरात अशाच एका सागरी नदीच्या वाटेवर पाण्याखाली एक खडक उभा आहे. जगभरचे पाणबुडे त्याला ‘ब्लू कॉर्नर’, म्हणजे ‘निळा कोपरा’, या नावाने ओळखतात.

फिलिपाईन्सच्या पूर्वेस पलाऊ नावाचा एक चिमुकला देश आहे. ३०० हून अधिक बेटे, त्यांपैकी थोड्याच बेटांवर मनुष्यवस्ती, आणि सर्वांची मिळून लोकसंख्या सुमारे १८ हजार. १९९४ साली हा देश स्वतंत्र झाला. त्याच्या बेटांभोवती प्रवाळांनी बांधलेला एक लांबच लांब तट आहे. किल्ल्याचा बुरूज जसा तटातून पुढे आलेला असतो, तसा या तटाचा एक भाग खुल्या समुद्रात पुढे आलेला आहे. तोच हा निळा कोपरा. त्याचा माथा पाण्याखाली १० ते १५ मीटरांवर असून अंगणासारखा सपाट आहे. पण कडेशी येताच जमीन एकदम संपते आणि खाली तुटलेला कडा लागतो. रायगडावरील टकमक टोकाशी उभे राहून खाली पाहणाऱ्याच्या पोटात जसा गोळा येतो, तसाच तो येथेही येतो. फरक इतकाच, की येथे खाली दरी दिसत नाही. दिसतो तो केवळ निळा रंग. तो खाली खाली अधिकाधिक गडद होत जातो आणि शेवटी काळोखात मिसळून जातो.

प्रवाह येऊन या कड्यावर आदळतो. समोर वाट नसल्यामुळे पाणी वर चढते आणि माथ्यावरून वेगाने पलीकडे वाहू लागते. या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव तरंगत असतात. खडकाला चिकटून राहणाऱ्या प्रवाळाला अन्नाच्या शोधार्थ कोठे जाता येत नाही. त्याच्या अंगात राहणारी सूक्ष्म शेवाळे सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करून त्याला देतात. बाकीचे अन्न प्रवाह त्याच्या दारी आणून टाकतो. नारिंगी रंगाचे बोटभर मासे आणि पांढऱ्या-पिवळ्या अंगाचे फुलपाखरी मासे कड्याच्या तोंडाशी हजारोंनी गोळा होतात आणि वाहत येणारे कण टिपत राहतात. त्या लहान माशांसाठी मोठे मासे येतात, आणि मोठ्या माशांसाठी त्यांहून मोठे. भरती-ओहोटीच्या संधिकाळी पाणी क्षणभर स्तब्ध होते, तेव्हा ही सारी पंगत पांगते. पाणी पुन्हा धावू लागले, की ती पुन्हा जमते. सारांश, ज्या प्रवाहाचे मनुष्याला भय वाटते, तोच या वस्तीचा अन्नदाता आहे.

अशा ठिकाणी मनुष्याने जावे तरी कसे? पूर्वीचे पाणबुडे छातीत श्वास कोंडून बुडी मारीत आणि मिनिट-दोन मिनिटांत वर येत. १९४३ साली फ्रान्समध्ये झाक-ईव्ह कुस्तो हा नौदलाचा अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी मिळून एक श्वासयंत्र सिद्ध केले. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत दाबून हवा भरलेली असते. तो श्वास घेईल तेव्हा, आणि तेवढीच, हवा हे यंत्र त्याला देते. तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने देते. पाण्याचा दाब म्हणजे सामान्य गोष्ट नव्हे. दर १० मीटर खोलीला वातावरणाच्या एका दाबाइतकी भर पडते; म्हणजे २० मीटरांवर दाब तिप्पट होतो आणि प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट लागते. म्हणून पाण्याखाली जाणाऱ्याने काही नियम प्राणांइतके जपावे लागतात. श्वास कधीही कोंडून धरायचा नाही. कारण वर येताना दाब कमी झाला, की छातीत कोंडलेली हवा फुगते आणि फुप्फुसांना इजा करते. वर येण्याची घाई करायची नाही. सोबत्याला सोडून जायचे नाही. नियम थोडे आहेत, पण समुद्र त्यांतील एकही माफ करीत नाही.

कोरोर हे पलाऊचे मुख्य शहर. तेथून निघालेली नाव निळ्या कोपऱ्याजवळ येते, तेव्हा स्थानिक वाटाड्या प्रथम पाण्याकडे पाहतो. भरती-ओहोटीचे कोष्टक त्याला पाठ असते. तरी तो केवळ कोष्टकावर विसंबून राहत नाही. कोणत्या बाजूने पाणी येत आहे याची खात्री करून घेऊन मगच तो सर्वांना उडी घेण्यास सांगतो. पाण्याखाली गेल्यावर मासेच त्याचे दिशादर्शक होतात. प्रवाहातील मासे पाण्याकडे पाठ करून राहत नाहीत. ते सारे येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून असतात. त्यांच्या तोंडांची दिशा पाहिली, की प्रवाहाची दिशा कळते.

पृष्ठभागाखाली जाताच जग बदलते. प्रथम नाहीसा होतो तो तांबडा रंग. पाणी त्याला गिळून टाकते, आणि लाल वस्तूसुद्धा काळपट दिसू लागते. आवाज मात्र वाढतात. पाण्यात ध्वनी हवेपेक्षा चौपटीहून अधिक वेगाने धावतो. त्यामुळे तो कोठून आला हे कानांना उमगत नाही. दूरच्या नावेची घरघर जणू चहूकडून येत असते. आणि या सर्वांहून जवळचा आवाज असतो तो स्वतःच्याच श्वासाचा. जमिनीवर ज्या श्वासाची कधी आठवणही होत नाही, तो येथे क्षणोक्षणी ऐकू येतो.

कड्याची भिंत एका हाताला ठेवून पाणबुडे प्रवाहाबरोबर वाहत जातात. हात-पाय मारण्याची गरज पडत नाही. खडकच आगगाडीच्या खिडकीतून दिसणाऱ्या झाडांसारखा मागे पळत असतो. मग वाटाड्या हाताने खूण करतो आणि सारे कड्याच्या माथ्यावर येतात. येथे पाण्याची खरी ओढ लागते. अनुभवी पोहणाऱ्यालाही या ओढीविरुद्ध फार वेळ टिकाव धरणे शक्य नसते. त्यासाठी प्रत्येकाजवळ एक पोलादी आकडा असतो. त्याला दोन-एक मीटर दोरी बांधलेली असते, आणि दोरीचे दुसरे टोक पाणबुड्याच्या जाकिटाला अडकवलेले असते. वाटाड्या खडकातील एखादी मृत कपार शोधतो. जिवंत प्रवाळावर आकडा लावायचा नाही, हा येथला पहिला शिष्टाचार आहे. कारण बोटभर वाढीसाठी प्रवाळाच्या कित्येक जातींना वर्षे लागतात. कपारीत आकडा बसला, की पाणबुड्या जाकिटात किंचित हवा भरतो, आणि पाहता पाहता तो पतंगासारखा वर उचलला जातो. दोरी ताणली जाते. मांज्याच्या आधाराने पतंग वाऱ्यात जसा थरथरत उभा राहतो, तसा तो मनुष्य त्या वाहत्या पाण्यात उभा राहतो.

नवखा असेल तर या घटकेला त्याचे काळीज धडधडू लागते. मान वळवावी, तर पाणी तोंडावरील मुखवटा हिसकावून घेऊ पाहते. श्वासातून निघालेले बुडबुडे सरळ वर न जाता मागच्या मागे उडत जातात. हातातील दोरी सुटली तर? हवा संपली तर? भयाने श्वास जलद होतो, आणि श्वास जलद झाला की हवा खरोखरच लवकर संपू लागते. प्रवाहाशी झगडणाऱ्याची हीच गत होते. मग शेजारचा वाटाड्या त्याच्या डोळ्यांत पाहतो आणि छातीपुढे तळहात सावकाश वर-खाली करतो. शांत हो, असे त्याचे सांगणे असते. नवखा एक दीर्घ श्वास घेतो, दुसरा घेतो. हातपाय सैल पडतात. दोरी आपले काम करीत आहे, आपण काहीच करायचे नाही, हे त्याला कळते. आणि त्यानंतरच त्याला समोरचे दिसू लागते.

समोर बॅराकुडा माशांचा थवा असतो. हातभर लांबीचे, तलवारीच्या पात्यासारखे शेकडो रुपेरी देह एकमेकांपासून ठरावीक अंतर राखून स्थिर असतात. पलीकडे मोठ्या डोळ्यांच्या रुपेरी माशांचा दुसरा समूह भोवऱ्यासारखा फिरत असतो. तो एकदम वळतो. हजार मासे वळतात. पण एकाचाही दुसऱ्याला धक्का लागत नाही. या सैन्याला सेनापती नसतो, शिंग फुंकणारा नसतो. प्रत्येक माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक संवेदनशील रेषा असते. शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्यात उठलेला लहानसा तरंगही त्या रेषेला जाणवतो. डोळे आणि ही रेषा यांच्या आधारे प्रत्येक मासा केवळ आपल्या शेजाऱ्याकडे लक्ष ठेवतो, आणि त्यातूनच साऱ्या समूहाची शिस्त निर्माण होते. त्या चकाकत्या गर्दीत नेमका कोणता मासा धरावा, हे शिकाऱ्याला उमगत नाही. एकट्या माशाला जे रक्षण लाभले नसते, ते त्याला सर्वांच्या सोबतीने लाभते.

आणि मग, कड्याच्या काठाखालून, शार्क वर येतात. कोकणच्या बाजारात लहान शार्कला मुशी म्हणतात; पण बाजारातील टोपलीत पाहिलेल्या मुशीवरून या प्राण्याची कल्पना येणार नाही. हे करडे शार्क सहसा दोन मीटरांच्या आतबाहेर लांब असतात. पाठ करडी, पोट पांढरे, आणि शेपटीला काळी किनार. त्यांच्या अंगात हाड नसते. सारा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे मनुष्याच्या कानाच्या पाळीवरील भागासारखा लवचिक असतो. तोंडापुढील सूक्ष्म छिद्रांनी त्यांना दुसऱ्या जिवांच्या शरीरातील अत्यंत क्षीण विद्युतदेखील जाणवते. मनुष्याचा तर काय, झाडांचाही या पृथ्वीवर मागमूस नव्हता, तेव्हापासून, म्हणजे ४० कोटी वर्षांहून अधिक काळ, शार्कांचे कुळ समुद्रात नांदत आले आहे.

पुष्कळसे मासे कल्ल्यांची झाकणे हलवून एका जागी राहूनही श्वास घेऊ शकतात. करडा शार्क मात्र पुढे पोहत राहूनच कल्ल्यांतून पाणी खेळवतो. त्याला विश्रांती अशी नाहीच. मग तो प्रवाहाच्या ठिकाणी का जमतो? या प्रश्नाचे एक उत्तर पलाऊपासून फार दूर, त्याच महासागरातील फाकारावा या प्रवाळद्वीपाजवळ मिळाले. तेथील खाडीत शेकडो करडे शार्क राहतात. प्रवाह उतारावर आदळून जेथे वर चढतो, तेथे हे शार्क येऊन तरंगत राहतात आणि त्यामुळे त्यांची शक्ती निदान १५ टक्क्यांनी वाचते, असे शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवून दिले. डोंगरकड्यावर घार पंख न हलवता वाऱ्यावर तरंगते, तशीच ही युक्ती. निळ्या कोपऱ्यावर आकड्याला लटकलेला मनुष्य आणि त्याच्यासमोर प्रवाहात संथ तरंगणारा शार्क यांच्यात हा मोठा फरक आहे: एकाला दोरी लागते, दुसऱ्याला लागत नाही.

शार्क जवळून जातो. त्याचा गोल, पापणी न मिटणारा डोळा क्षणभर मनुष्यावर स्थिरावतो आणि तो निघून जातो. ज्याला कथांतून आणि चित्रपटांतून रक्तपिपासू राक्षस म्हणून रंगवले, तो हाच. त्याला दात आहेत आणि त्याचे सामर्थ्य खोटे नाही. म्हणून त्याच्याशी सलगी करू नये. कोणी त्याला कोंडीत पकडले किंवा अंगावर धावून गेले, तर तो पाठीला बाक देतो, छातीजवळचे पर खाली पाडतो आणि अंग वेडेवाकडे वळवीत पोहू लागतो. दूर हो, असा त्याचा तो इशारा असतो. तो समजून जो मागे सरतो, त्याला तो सहसा काही करीत नाही. शत्रूला आधी सूचना देणाऱ्याला राक्षस कसे म्हणावे?

उलट बाजूने पाहिले तर चित्र फार निराळे दिसते. शास्त्रज्ञांनी २०१३ साली केलेल्या अंदाजाप्रमाणे मनुष्य दरवर्षी सुमारे १० कोटी शार्क मारीत होता. पूर्वेकडील काही देशांत शार्कच्या परांचे सूप प्रतिष्ठेचे मानले जाते. त्यासाठी कित्येक बोटींवर जिवंत शार्कचे पर कापून घेत आणि उरलेला देह समुद्रात फेकून देत. परांवाचून त्याला पोहता येत नाही, आणि पोहता आले नाही की श्वासही घेता येत नाही. शार्क तर तारली किंवा बांगड्यासारखा हजारो अंडी घालणारा मासा नव्हे. करड्या शार्कच्या मादीला वर्षभर गर्भ वाहावा लागतो आणि एका वेळी तिला एक ते सहा पिल्ले होतात. ज्यांची वाढ इतकी मंद, त्यांची हानी इतक्या वेगाने भरून निघणार कशी?

पलाऊच्या लोकांपुढे हाच प्रश्न उभा राहिला. परदेशी बोटींना समुद्रातून पैसा मिळत होता, आणि देश तर लहान. परंतु या बेटांवर ‘बुल’ नावाची एक जुनी रीत आहे. एखाद्या जागचे मासे कमी झाले, किंवा त्यांचा अंडी घालण्याचा काळ आला, की गावचे प्रमुख तेथे मासेमारीला बंदी करीत. आणि बंदी उठेपर्यंत कोणी जाळे टाकीत नसे. त्याच वळणाने जाऊन पलाऊने २००९ साली आपल्या हद्दीतील सारा समुद्र शार्कांचे अभयारण्य म्हणून जाहीर केला. असे करणारा तो जगातील पहिला देश ठरला. पुढे, २०११ साली, ऑस्ट्रेलियातील सागरी संशोधकांचा एक हिशेब प्रसिद्ध झाला. मेलेल्या एका शार्कचे बाजारात १०८ डॉलर येतात. पण पलाऊच्या प्रसिद्ध जागांवर राहणारा एक जिवंत शार्क, त्याला पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांमुळे, आपल्या आयुष्यात देशाला सुमारे १९ लाख डॉलर मिळवून देतो, असे त्यात दिसून आले. हिशेब लाभाचा होता, हे खरेच. पण लोकांनी निर्णय घेतला तो या हिशेबाच्या आधी, हे विसरता येणार नाही. २०१७ सालापासून पलाऊत येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या पारपत्रावर एका प्रतिज्ञेचा शिक्का उमटवण्याची पद्धत सुरू झाली. ती पाहुण्याने सही करून घ्यायची असते. आणि ती राजाला किंवा अधिकाऱ्याला उद्देशून नाही, तर पलाऊच्या मुलांना उद्देशून आहे. तुमच्या घराला आम्ही इजा करणार नाही, असा तिचा आशय आहे.

कायद्याने सर्वच संकटे टळतात असे नाही. १९९८ साली समुद्राचे पाणी प्रमाणाबाहेर तापले, तेव्हा पलाऊतील पुष्कळ प्रवाळ पांढरे पडून मेले. उष्णतेला हद्द नसते आणि तिच्यापुढे कोणी शिक्का दाखवू शकत नाही. ते काम एका लहान देशाच्या हातचे नव्हे. त्याला साऱ्या जगाचे हात लागतील. महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही हा प्रश्न परका नाही. विजयदुर्गपासून सुमारे १०० किलोमीटर दूर, अरबी समुद्राच्या पोटात, सरखेल कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारा ‘आंग्रिया बँक’ नावाचा एक प्रवाळांचा उंचवटा आहे. त्याच्यावरूनही प्रवाह वाहतात, त्याच्या कपारींतूनही मासे नांदतात. किनाऱ्यावर राहणाऱ्या कितीतरी जणांनी त्याचे नावही ऐकलेले नसते.

निळ्या कोपऱ्यावर आता टाकीतील हवा निम्म्याहून खाली उतरलेली असते. वाटाड्या मनगट दाखवून वेळ संपल्याची खूण करतो. एकेक जण जाकिटातील हवा कमी करून खडकाजवळ येतो, आकडा कपारीतून अलगद सोडवतो आणि सोडवताच प्रवाहाच्या हवाली होतो. खडक, थवे, करडे देह निळ्या धूसरात मागे पडतात. सारे जण स्वतःच्या बुडबुड्यांपेक्षाही सावकाश वर चढतात. पृष्ठभागाखाली ५ मीटरांवर ते तीन मिनिटे थांबतात. कारण दाबामुळे रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ द्यावा लागतो. वाटाड्या एक लांबट रंगीत फुगा हवा भरून वर सोडतो, आणि तो पाहून नाव त्यांच्याकडे वळते.

नावेत चढल्यावर पहिली काही मिनिटे कोणी फारसे बोलत नाही. अंगावरून पाणी निथळत असते. कोणाच्याही हातात शिंपला नसतो, पोवळ्याचा तुकडा नसतो. तसे काही आणावयाचेच नसते. वाटाड्या आकडे मोजून पेटीत ठेवतो, एकही खाली राहिला नाही याची खात्री करून घेतो आणि नाव कोरोरच्या दिशेने वळवतो. खाली ओहोटीचे पाणी अजून धावत असते, आणि कड्याच्या तोंडाशी मासे त्याच्याकडे तोंड करून उभे असतात.